ऑपरेशनची तारीख सगळ्यात शेवटी: जनरल सर्जनकडे जाताना पाळायचा क्रम

हर्निया, पित्ताशयातले खडे, मूळव्याध, भगंदर, हायड्रोसिल (अंडकोषाभोवती पाणी साठणं), अंगावरच्या गाठी, पायाच्या फुगलेल्या शिरा. जनरल सर्जनकडची बरीचशी कामं या यादीत बसतात आणि त्यातली बहुतेक सवडीनं, ठरवून करता येतात. सवड असूनही घोळ होतो तो क्रमाचा. पुण्यातल्या एका लहान सर्जिकल हॉस्पिटलच्या काउंटरवर मी बसते. लोक आधी तारीख घेतात, मग रजा टाकतात, मग गावाहून आईला बोलावून घेतात आणि ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी फाइल पुढे सरकवत विचारतात, "कॅशलेस होईल ना?" म्हणजे बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला भरेल ना. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे त्यानंतर भूलतज्ज्ञांसमोर निघतं. मग ऑपरेशन रद्द, रजा वाया आणि आई परत एसटीत.

क्रम उलटा करा. आधी निदान, मग पैशांची सोय, मग तपासण्या आणि गोळ्या, आणि हे सगळं झालं की तारीख.

## आधी हे बघा: हा लेख कोणासाठी नाही

खालीलपैकी काही असेल तर पुढचं वाचत बसू नका. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा किंवा १०८ ला फोन करा.

- एरवी आत जाणारी हर्नियाची गाठ आत जाईनाशी झाली, दुखते आहे, उलट्या होताहेत.
- बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, किंवा पोट लाकडासारखं ताठ झालं.
- कावीळ दिसते आहे आणि सोबत थंडी वाजून ताप आहे.
- अंडकोषात अचानक असह्य कळ आली. इथे तासांचा हिशोब असतो. पीळ पडला असेल तर साधारण ६ तासांच्या आत सोडवावा लागतो. विशेषतः शाळकरी मुलगा लाजून सांगत नसेल तर त्याला विश्वासात घेऊन विचारा.
- मधुमेही माणसाच्या पायाची जखम काळी पडली, वास येतो, सूज वर चढते आहे.

पोटात दुखत असताना जुलाबाचं औषध किंवा एरंडेल देऊ नका, पोट शेकू नका आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत तोंडावाटे काही देऊ नका.

## टप्पा १: दुखणं कोणतं आणि डॉक्टर कोणते

आपल्याकडे शौचाच्या जागी काहीही झालं की ती मूळव्याध. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळे आजार असतात आणि तिघांचे उपाय वेगळे. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखी आग आणि नंतर तासभर ठणका असेल तर बहुधा ती चीर, म्हणजे फिशर. बऱ्याच फिशर मलम, शेक आणि पोट साफ राहण्यावर बऱ्या होतात. न दुखता रक्त पडत असेल, कोंब बाहेर येत असेल तर मूळव्याध. बाजूला पुळी येऊन पुन्हा पुन्हा पू वाहत असेल तर भगंदर, म्हणजे फिस्तुला. भगंदराचा मार्ग कुठून कुठे गेलाय हे कळण्यासाठी बऱ्याचदा एमआरआय लागतो. तो न करता घाईनं कापलं तर दुखणं परत येतं, नाहीतर शौचावरचा ताबा जातो.

पुण्याच्या चौकाचौकांत नसतील इतक्या "बिनाटाक्याचा लेझर, त्याच दिवशी घरी" अशा पाट्या रिक्षांच्या पाठीवर असतात. लेझर हे एक साधन आहे. तुमच्या आजाराला ते चालतं का, हे तपासल्याशिवाय फोनवर कोणालाच सांगता येत नाही. फोनवरच पॅकेजचा भाव सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

सावध: वय चाळिशीच्या पुढे असेल आणि शौचातून रक्त पडत असेल तर मूळव्याध दिसली म्हणून तिथेच थांबू नका. "कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) गरज आहे का?" हे स्वतःहून विचारा. मूळव्याध आणि आतड्यातली गाठ एकाच माणसाला असू शकते.

पित्ताशयातल्या खड्यांबाबतही असाच गोंधळ आहे. मूत्रखडा पडतो, म्हणून पित्ताचाही पडेल या आशेवर लोक वर्षभर काढे पितात. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये नुसते खडे काढत नाहीत, अख्खी पिशवी काढतात, कारण पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. दुसरी बाजूही तितकीच खरी: दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडले आणि तुम्हाला कधी काही त्रासच झालेला नाही, तर बहुतेकांना लगेच ऑपरेशन लागत नाही. अशा वेळी कोणी घाई केली तर दुसरं मत घ्या.

स्तनातली गाठ असेल तर नियम एकच. आधी तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईनं तुकडा काढून बायोप्सी, आणि त्यानंतर ऑपरेशनचा विचार. "आधी काढून टाकू, मग बघू" हा क्रम चुकीचा आहे. गाठ कर्करोगाची निघाली तर पुढचे उपचार त्यानं अवघड होतात.

डॉक्टर निवडताना पाटीवरची पदवी पूर्ण वाचा. एम.एस. किंवा डीएनबी जनरल सर्जरी ही ॲलोपॅथीची पदवी. एम.एस. (आयुर्वेद) शल्यतंत्र ही वेगळी. २०२० च्या अधिसूचनेनं आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना शल्यशाखेतल्या ठरावीक ३९ शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण नेमून दिलं आहे आणि भगंदरावरचं क्षारसूत्र (औषध लावलेला दोरा) ही त्यांच्या शास्त्रातली जुनी पद्धत आहे. कोणाकडे जायचं ते तुम्ही ठरवा, पण कोणाकडे गेलोय हे माहीत असू द्या. ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येते.

## टप्पा २: पहिली भेट

जुने रिपोर्ट तारखेनं लावून न्या, सगळ्यात नवा वर. मोबाइलमधले फोटो डॉक्टरांना दाखवण्यापेक्षा प्रिंट बरी. फोटोत नेमका खालचा निष्कर्ष कापलेला असतो.

एका वहीच्या पानावर लिहून न्यायच्या गोष्टी: चालू गोळ्या (पाकिटंच घेऊन गेलात तर उत्तम), ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, भूल दिल्यावर तेव्हा काही त्रास झाला होता का, दमा, बीपी, साखर, थायरॉइड, फिट, घोरणं. पन्नाशीपुढच्या पुरुषाला हर्निया असेल तर लघवी तटते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हेही सांगा. प्रोस्टेटमुळे कुंथावं लागत असेल तर आधी त्याकडे बघावं लागतं. तेच जुनाट खोकल्याचं आणि बद्धकोष्ठाचं.

इथे एक जपायची गोष्ट आहे. "किती दिवसांपासून त्रास आहे?" या प्रश्नाला लोक हात हलवून म्हणतात, "असेल चार-पाच वर्षं." डॉक्टर तेच केसपेपरवर लिहितात. सहा महिन्यांनी विमा कंपनी तोच कागद मागते, पॉलिसी तीन वर्षांची असते आणि क्लेम अडकतो. खोटं सांगा असं मी म्हणत नाही आणि लिहिलेला कागद बदलून मागू तर अजिबात नका, ते अंगाशी येतं. आठवून, खरं आणि नेमकं सांगा, एवढंच.

निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न:

1. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, किती दिवस थांबता येईल?
2. दुर्बिणीतून की उघडून, आणि माझ्यासाठी तेच का?
3. पूर्ण भूल की कमरेत इंजेक्शन?
4. हर्नियात आधाराची जाळी घालणार का, कोणत्या कंपनीची, तिची किंमत अंदाजपत्रकात धरली आहे का?
5. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का?

पाचवा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका, चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

## टप्पा ३: पैशांचा मार्ग ठरवा, तो एकच ठरवा

लेखी अंदाजपत्रक मागा. २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर विचारा.

खासगी विमा असेल तर. पॉलिसी उघडून चार जागा बघा.

पहिली, प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ. हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, हायड्रोसिल ही नावं बहुतेक पॉलिसींत २ वर्षांच्या यादीत असतात. दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मर्यादा रोजची ५,००० रुपये आणि तुम्ही १०,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ५,००० खिशातून जातील असं वाटतं. तसं होत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर हे सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यानं कापलं जातं. औषधं, तपासण्या आणि जाळीसारख्या वस्तू या कपातीतून वगळलेल्या असतात. एका रात्रीच्या एसी खोलीपायी हजारो रुपये खिशातून भरलेली माणसं मी बिलाच्या खिडकीवर बघते, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. तिसरी, हे हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे कॅशलेससाठी विमा कंपनीशी करार असलेल्या यादीत आहे का. चौथी, मोतीबिंदू-हर्नियासारख्या आजारांवर वेगळी रकमेची मर्यादा आहे का.

ठरवून केलेल्या ऑपरेशनची पूर्वसूचना साधारण ४८ तास आधी द्यायची असते. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय व्हायला हवा. पण कागद अपुरे असतील तर शंका निघतात आणि तास लांबत जातात. म्हणून सोनोग्राफी, सर्जनची चिठ्ठी, आधार, पॅन आणि पॉलिसी आधीच काउंटरवर द्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आयुष्मान भारतशी जोडलेली ही योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. योजनेतली काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळे खासगी हॉस्पिटल यादीत आहे म्हणून तुमचं ऑपरेशन तिथे होईलच असं नाही. आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. पैसे भरून झाल्यावर "आता योजनेत बसवा" म्हणून चालत नाही. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा.

धर्मादाय रुग्णालय. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं सार्वजनिक न्यासाची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१कक नुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट होण्याआधी तिथल्या समाजसेवा विभागात जा. दाखला मिळायला वेळ लागतो, त्यामुळे टप्पा १ सुरू झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. महापालिका हद्दीतल्या गरजूंना महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचीही चौकशी करता येते.

ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम इथे ही ऑपरेशनं होतात. तिथे वेळ द्यावा लागतो आणि रांगेत उभा राहायला घरचं एक माणूस लागतं. पण हर्नियासाठी कर्ज काढण्यापेक्षा सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढणं केव्हाही बरं.

तपासून बघा: मंजुरीचा कागद किंवा लेखी अंदाजपत्रक हातात आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: तपासण्या, फिटनेस आणि गोळ्यांचा हिशोब

नेहमीच्या तपासण्या म्हणजे हिमोग्राम, साखर, क्रिएटिनिन, रक्त गोठण्याची चाचणी, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी, ईसीजी, छातीचा एक्स-रे. वय किंवा आजार बघून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पित्ताशयासाठी यकृताच्या चाचण्या लागतात. त्या बिघडलेल्या असतील तर खडा पित्तनलिकेत उतरला आहे का ते बघावं लागतं आणि आधी तो दुर्बिणीनं काढावा लागू शकतो. मधुमेहींनी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) आधीच करून घ्या. तो ८ च्या वर असेल तर बरेच डॉक्टर सवडीचं ऑपरेशन पुढे ढकलतात, कारण जखम चिघळते. मूळव्याधीतून महिनोन् महिने रक्त गेलेल्यांचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा इतकं उतरलेलं असतं की आधी तेच वर आणावं लागतं.

रिपोर्ट आले की फिजिशियनचा फिटनेस, म्हणजे ऑपरेशनला हरकत नाही असा दाखला, आणि मग भूलतज्ज्ञांची तपासणी. ही तपासणी ऑपरेशनच्या सकाळी टेबलाशेजारी उरकण्यापेक्षा काही दिवस आधी झाली तर निम्मे घोळ तिथेच मिटतात.

आता गोळ्या. खालचे आकडे तुम्ही स्वतः गोळी बंद करावी म्हणून दिलेले नाहीत. डॉक्टरांना वेळेत, म्हणजे किमान दहा दिवस आधी का सांगायचं, हे कळावं म्हणून आहेत.

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, नव्या पिढीच्या एपिक्साबान-रिव्हारोक्साबानसारख्या गोळ्या १ ते ३ दिवस. ॲस्पिरिन बऱ्याचदा चालूच ठेवतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकून वर्ष झालं नसेल तर हृदयरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका. स्टेंट बंद पडला तर हर्निया बाजूला राहील.
- साखरेच्या "ग्लिफ्लोझिन" गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. उपाशी पोटी या गोळ्यांनी साखर फारशी न वाढताही रक्तात धोकादायक आम्ल तयार होऊ शकतं. लोक "शुगरची गोळी" एवढंच सांगतात. पाकीट दाखवा, बऱ्याचदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते.
- वजन किंवा साखरेसाठीचं आठवड्याचं इंजेक्शन. सेमाग्लुटाइडसारख्या औषधानं पोट उशिरा रिकामं होतं. भूलतज्ज्ञांना हे कळायलाच हवं.
- बीपी. काही गोळ्या ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्यानं घ्यायच्या असतात, काही त्या दिवशी टाळायच्या असतात. "बीपीची गोळी घेऊ ना?" असं मोघम न विचारता नावानिशी विचारा.
- काढे, चूर्णं, कॅप्सूल. "ते काय औषध थोडंच आहे" म्हणून हे कोणी सांगत नाही. लसणाच्या कॅप्सूलनंही रक्तस्राव वाढू शकतो. सगळं सांगा.

तंबाखू आणि सिगारेट सोडायला चार आठवडे मिळाले तर फार चांगलं. जखम भरते आणि भुलीतून उठताना खोकला कमी होतो.

## टप्पा ५: आता तारीख

आता घ्या तारीख, पण ऑपरेशनच्या दिवसाबरोबर टाके काढायचा दिवसही कॅलेंडरवर बघून ठेवा. पेठांमधलं हॉस्पिटल असेल आणि पुढची तपासणी अनंत चतुर्दशीला येत असेल तर लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड बंद असतात आणि विसर्जन दुसऱ्या दिवशीही चालू असतं. पालख्यांचा मुक्काम असतो तेव्हाही तेच. ताज्या टाक्यांनिशी गर्दीतून चालत जाणं नको.

सर्दी, खोकला, ताप किंवा ऑपरेशनच्या जागी पुरळ उठलं तर दडवू नका. फोन करा. तारीख पुढे गेली तर आकाश कोसळत नाही. मासिक पाळी आली म्हणून मात्र बहुतेक ऑपरेशनं पुढे ढकलावी लागत नाहीत, तरी सांगून ठेवा.

## टप्पा ६: आदली संध्याकाळ आणि सकाळ

सर्वसाधारण नियम: जड, तेलकट जेवणानंतर ८ तास, हलकं खाणं किंवा दूध यानंतर ६ तास, पाण्यानंतर २ तास. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम.

दुधाचा चहा हे अन्न आहे. हे वाक्य मी काउंटरमागे मोठ्या अक्षरात लावलं आहे, तरीही एखादी सकाळ अशी जाते:

"मावशी, सकाळपासून काही घेतलं का?"
"नाही गं बाई. नुसता घोटभर चहा, आणि गोळी घ्यायची म्हणून एक बिस्कीट."

आणि ऑपरेशन दुपारवर. भूल देताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. "कमरेतच इंजेक्शन देणार आहेत, मग खाल्लं तर काय?" हाही गैरसमज आहे. कमरेखालची भूल पुरी पडली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते, म्हणून उपास दोन्हींना सारखाच. तोंडात मिशरी, तंबाखू, सुपारी काहीही नको. मिशरीला आपल्याकडे कोणी "खाणं" धरत नाही, म्हणून वेगळं लिहिलं.

उलटी चूकही होते. रात्री आठपासून पाण्याचा थेंब न घेता लोक दुपारच्या ऑपरेशनला येतात, ओठ सुकलेले, डोकं दुखतंय, शीर सापडत नाही. पाणी कधीपर्यंत चालेल हे विचारून घ्या. मधुमेही, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर सकाळचा पहिला नंबर मागा.

बाकीचं झटपट:

- साबणानं अंघोळ करा. त्या जागेचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका, बारीक चिरांतून जंतू शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलमध्ये मशीननं काढतात.
- नेलपॉलिश आणि नखांवरची गडद मेंदी काढून या, बोटाला लावायच्या यंत्राला अडचण होते. मंगळसूत्र, जोडवी, नथ, गंडा-दोरा घरीच ठेवा. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी सोनाराकडे जा, थिएटरच्या दारात साबण लावून ओढाओढ नको.
- कवळी, चष्मा, लेन्स, श्रवणयंत्र थिएटरमध्ये जाण्याआधी नातेवाइकाकडे.
- सोबत एकच माणूस, पण निर्णय घेऊ शकणारा.

## टप्पा ७: संमतीपत्र आणि पेनाची खूण

संमतीपत्र मराठीत मागा आणि रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही करू नका. त्यावर ऑपरेशनचं नाव, बाजू (उजवी की डावी), भुलीचा प्रकार आणि "दुर्बिणीतून न जमल्यास उघडून" ही शक्यता लिहिलेली असावी. दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन उघडून करावं लागणं हे अपयश नसतं, बऱ्याचदा तोच शहाणपणाचा निर्णय असतो.

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल तर सही त्याची किंवा तिची. नवऱ्याची, मुलाची सही तिच्या जागी चालत नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात हेच स्पष्ट केलं: तपासणीच्या संमतीवर दुसरं मोठं ऑपरेशन करता येत नाही आणि रुग्ण सज्ञान असताना तिच्या आईची संमती पुरत नाही. अपवाद फक्त जिवावरच्या प्रसंगाचा.

तपासून बघा: एका बाजूचं ऑपरेशन असेल तर थिएटरमध्ये जाण्याआधी, तुम्ही जागे असताना, त्या जागी पेनानं खूण झाली का? पायाच्या शिरांची खूण उभं करूनच करतात, आडवं झाल्यावर शिरा दिसेनाशा होतात. कोणी खूण केली नाही तर तुम्ही आठवण करा.

## टप्पा ८: बाहेर थांबलेल्या नातेवाइकाचं काम

लहान हॉस्पिटलांत ऑपरेशन झालं की परिचारिका बाहेर येऊन एक प्लॅस्टिकची बाटली हातात देते: "हे लॅबमध्ये नेऊन द्या." आत काढलेला भाग असतो, पित्ताशय, अपेंडिक्स किंवा गाठ. नातेवाईक आधीच घाबरलेला, तो बाटली पिशवीत कोंबतो.

तिथेच उभं राहून तीन गोष्टी बघा. बाटलीवर रुग्णाचं नाव, वय आणि अवयवाचं नाव आहे का. आत फॉर्मेलिन, म्हणजे भाग टिकवणारं औषधी द्रावण, आहे का. नुसतं पाणी किंवा सलाइन असेल तर भाग सडतो आणि तपासणी वाया जाते. सोबत सर्जनची चिठ्ठी आहे का. ती बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, झाकण उघडून बघू नका, त्याच दिवशी पोचवा. आणि बाटली मिळालीच नाही तर विचारा की भाग तपासणीला गेला का. "खडेच होते, तपासायचं काय" हे उत्तर मान्य करू नका. पित्ताशयाचा कर्करोग कधीकधी या तपासणीतच पहिल्यांदा दिसतो.

डिस्चार्जच्या वेळी घ्यायचे कागद: डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची नोंद, तपशीलवार बिल, पावत्या, सगळ्या फिल्म आणि जाळी घातली असेल तर तिच्या पाकिटावरचं स्टिकर. समरीत नाव, वय, बाजू आणि तारखा तिथेच वाचा. पुढे केसपेपरच्या प्रती लागल्या तर लेखी अर्ज द्या, ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

सावध: कमरेत भूल दिली असेल, किंवा हर्निया-मूळव्याधीचं ऑपरेशन असेल तर लघवी झाल्याशिवाय घरी निघू नका.

## टप्पा ९: घरी

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नका. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. उठून चाला. "पडून राहा, हलू नको" हा प्रेमाचा सल्ला पायात रक्ताची गुठळी करायला पुरेसा आहे.

दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, म्हणून पाणी भरपूर प्या आणि सांगितलेलं पोट साफ करायचं औषध टाळू नका. जखमेवर हळद, तूप, राख काही लावू नका. अंघोळ कधीपासून ते सर्जनला विचारा, साधारण दोन दिवसांनी बहुतेकांना परवानगी मिळते.

मूळव्याध-फिशरसाठी टबात बसायचं असतं: कोमट साधं पाणी, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीनदा आणि शौचानंतर. त्यात जंतुनाशक ओतू नका, नाजूक जागेची आग होते. पाणी चटका बसेल इतकं कढत नको.

हर्नियानंतर ४ ते ६ आठवडे जड उचलणं बंद. जड म्हणजे भरलेला सिलिंडर, पाण्याची बादली आणि "जरा उचल ना" म्हणणारा नातूसुद्धा. दुचाकी हा पुण्यातला सगळ्यात नाजूक विषय. कचकन ब्रेक दाबताना पोटात दुखणार नाही इतपत बरं वाटेपर्यंत गाडी नको आणि मागे बसून खड्ड्यांतून जाणंही नको. रिक्षा करा आणि सावकाश न्यायला सांगा. पित्ताशय काढल्यावर जन्मभर पथ्य लागत नाही. काही आठवडे तळलेलं कमी करा, मग हळूहळू नेहमीचं.

यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा: १०१ च्या वर ताप, जखम लाल होऊन पू, दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, थांबत नसलेल्या उलट्या, गुठळ्यांसह रक्त, पित्ताशयानंतर डोळे पिवळे किंवा लघवी गडद. एकाच पोटरीला सूज आली किंवा धाप लागली तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

## टप्पा १०: टाके, रिपोर्ट, क्लेम

टाके चेहऱ्यावरचे ४ ते ५ दिवसांत, पोटावरचे ७ ते १० दिवसांत, पाय आणि पाठीवरचे १० ते १४ दिवसांत काढतात. विरघळणारे असतील तर काढायची गरज नाही, तरी तपासणीला जा. शेजारच्या दवाखान्यात कंपाउंडरकडून काढून घेऊ नका, कारण जखम बघायची संधी तीच असते.

भागाच्या तपासणीचा रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो. तो लॅबमधून कोणीतरी आणावा लागतो आणि सर्जनला दाखवावा लागतो. टाके निघाले की माणसं मोकळी होतात आणि रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून राहतो. टाके काढायच्या दिवशी तो सोबत न्या.

विमा असेल तर ऑपरेशनच्या आधीच्या साधारण ३० आणि नंतरच्या ६० दिवसांच्या तपासण्या, औषधं आणि तपासणी फीसुद्धा बहुतेक पॉलिसींत मिळते. कॅशलेस झालं म्हणजे सगळं झालं असं समजून लोक हे पैसे सोडून देतात. मूळ पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट एका पाकिटात ठेवा आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत स्वतंत्र क्लेम भरा. औषधाच्या दुकानातून पावती घेताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव घालायला सांगा, कोऱ्या नावाची पावती परत येते.